सहा हजार पाचशे रुपयांत पाच जणांचे ताट

पत्र : आम्ही नागपुरात मानेवाड्याला भाड्याच्या घरात राहतो. यजमान ई-रिक्षा चालवतात, मी घरी शिवणकाम करते. आम्ही दोघे, १३ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे पाच जण आहोत. भाडे, शाळा आणि रिक्षाचा हप्ता गेल्यावर खाण्यासाठी महिन्याला साडेसहा हजारांच्या वर निघत नाहीत; सिलिंडर त्यात धरलेला नाही. शाळेतल्या तपासणीत मुलीचे हिमोग्लोबिन ९.८ निघाले आणि ‘पौष्टिक खाऊ घाला’ असे सांगण्यात आले. मोबाइलवर पाहिले तर बदाम, ओट्स, ब्रोकोली आणि पनीर. हे आम्ही कुठून आणायचे? सासूबाई माळकरी आहेत, त्यांना दातही नाहीत. बाकीचे अंडी खातात. मुलगा डब्यातल्या पावडरीशिवाय दूध घेत नाही. रेशनकार्डावर आम्हा चौघांची नावे आहेत, पण तांदळात प्लास्टिकसारखे दाणे निघतात म्हणून आम्ही तो विकतो आणि एचएमटी तांदूळ आणतो. मागच्या महिन्याची वाण्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे. माझे काय, मी भागवून घेते. – एक वाचक भगिनी

ताई, नमस्कार.

तुम्ही पत्रासोबत वाण्याची चिठ्ठी जोडलीत हे फार चांगले केलेत. आहाराविषयी विचारणारे बहुतेक जण आपण काय खातो ते आठवून लिहितात, आणि आठवणीत बिस्किटे, शेव व चहाची साखर कधीच नसते. चिठ्ठीत मात्र ती असते. त्या चिठ्ठीकडे मी येणारच आहे, परंतु आधी मुलीविषयी लिहिते, कारण तिथे दिरंगाई करून चालणार नाही.

तिच्या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन किमान १२ असावे असे मानतात. ९.८ हा मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय झाला आणि तो केवळ आहाराने भरून निघेल या आशेवर महिने घालवू नयेत. बिटाचा रंग लाल आहे म्हणून ते रक्त वाढवते, ही समजूत रंगावरूनच आलेली आहे. गुळात लोह असते हे खरे असले तरी आपण जेवढा गूळ खातो तेवढ्यातून मिळणारे लोह फारच थोडे असते, बाकी ती साखरच. तिला लोहाच्या गोळ्यांची उपचाराची मात्रा लागेल आणि ती डॉक्टरच ठरवतील. मात्र त्या आधी एक गोष्ट आवर्जून करून घ्यावी. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आढळतो, आणि हिमोग्लोबिन कमी असण्याचे कारण तोही असू शकतो. मेडिकल, मेयो किंवा डागा यांपैकी जे तुम्हाला सोयीचे पडेल त्या सरकारी रुग्णालयात तिची ही तपासणी करून घ्या आणि तिचा निकाल हाती आल्यावरच गोळ्यांचे ठरू द्या. सरकारी व अनुदानित शाळांतून मोठ्या वर्गांच्या मुलींना आठवड्याला जी निळी गोळी देतात ती रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. झालेल्या रक्तक्षयावर ती एकटी पुरत नाही. वर्षातून दोनदा शाळेत मिळणारी जंताची गोळीही तिने चुकवू नये, कारण पोटात जंत असतील तर तुम्ही घातलेल्यातला वाटा आधी त्यांच्याकडे जातो.

गोळी सुरू झाल्यावर शौचाला काळपट होते, त्याला घाबरून ती बंद करू नका. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर न देता लिंबाच्या पाण्याबरोबर द्या, आणि हिमोग्लोबिन १२ वर गेले तरी डॉक्टर सांगतील तितके महिने ती चालू ठेवा. आहाराचे काम यानंतर सुरू होते. भरून आलेले रक्त पुन्हा उतरू न देणे हे ते काम, आणि ते तुमच्या साडेसहा हजारांत बसते.

आता तांदूळ. तुम्ही ज्यांना प्लास्टिक म्हणता ते दाणे तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर तांदळाच्या आकाराचे पाडलेले असतात आणि साधारण शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात मिसळलेले असतात. ते इतर दाण्यांपेक्षा थोडे पिवळट किंवा पांढुरके दिसतात आणि धुताना कधीकधी वर तरंगतात, म्हणून त्यांच्यावर संशय येतो. असे दहा-बारा दाणे वाटीभर पाण्यात तासभर भिजत घाला आणि बोटांत दाबून पाहा; त्यांचे पीठ होईल. प्लास्टिकचे होत नाही. म्हणजे ज्या घरातल्या मुलीच्या रक्तात लोह कमी आहे, त्या घरातून लोह घातलेला तांदूळ विकला जात होता आणि त्याच्या जागी लोह न घातलेला तांदूळ पैसे देऊन येत होता. (सिकलसेलचा निकाल होकारार्थी आला तर मात्र या तांदळाविषयीही डॉक्टरांना विचारून घ्यावे.) हा तांदूळ निवडताना ते दाणे वेचून टाकू नका, फार वेळा चोळून धुऊ नका आणि शिजवल्यावर पेज ओतून देऊ नका.

एचएमटीची आवड मी समजू शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढलेले ते वाण आपल्याकडे घराघरांत गेले ते उगीच नव्हे. सणाला, पाहुणे आले की तो तांदूळ जरूर करावा. परंतु रोजच्यासाठी हिशेब पाहा. तुम्ही १० किलो रेशनचा तांदूळ १८ रुपयांनी विकता आणि १० किलो एचएमटी ५८ रुपयांनी घेता, म्हणजे महिन्याला ४०० रुपये या एका अदलाबदलीत जातात, शिवाय रेशनचे धान्य विकणे कायद्यालाही धरून नाही. जाड तांदूळ अर्धा तास भिजवून थोड्या जास्त पाण्यात शिजवला की मोकळा झाला नाही तरी मऊ होतो, आणि खिचडीला किंवा गोळाभाताला तर जाडच बरा. गोळाभात हा आपल्या भागाचा फार शहाणा पदार्थ आहे असे मला नेहमी वाटते. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे गोळे भातात वाफवायचे आणि वरून थोडी फोडणी घालायची, इतकेच ते आहे. पण तांदळाच्या प्रथिनांत जे कमी असते ते डाळ भरून काढते आणि डाळीत जे कमी असते ते तांदूळ. त्या गोळ्यांसाठी तयार बेसन मात्र सुटे व स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. त्यात लाखोळीच्या डाळीची भेसळ होते, आणि लाखोळी बराच काळ मुख्य अन्नासारखी पोटात गेली तर पायांतली शक्ती जाऊ शकते. हरभऱ्याची डाळ आणून चक्कीवर दळून घेतलेली बरी.

रेशनचे आणखी एक काम तुमच्याकडे राहिले आहे. जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते. तुमच्या कार्डावर चारच नावे आहेत, म्हणजे सासूबाईंचे नाव बहुधा गावाकडच्या कार्डावर आहे आणि त्यांचे ५ किलो एकतर तिकडे कोणी उचलते किंवा उचललेच जात नाही. घरात बोलून, तिथले नाव कमी करून इथे चढवून घ्यावे. फेऱ्या माराव्या लागतील हे मला माहीत आहे, पण त्या एकदाच माराव्या लागतात.

आता चिठ्ठी. ती मी दोनदा वाचली. तेल ६ लिटर, साखर ६ किलो, चहापत्ती, तूरडाळ २ किलो, मुगाची डाळ अर्धा किलो. बिस्किटे व टोस्ट मिळून ५२० रुपये, शेव-चिवडा आणि नूडल्सची पाकिटे मिळून ४३० रुपये, आणि दुधात घालायच्या पावडरीचा डबा ३१० रुपये. पाच जणांच्या घरात महिन्याला अडीच किलो डाळ आणि सहा किलो साखर, या दोन आकड्यांत तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी जे ताट आखून दिले आहे, त्यात डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम धरले आहे. तुमच्या घराला त्या मापाने महिन्याला पावणेतेरा किलोच्या आसपास डाळ-कडधान्य लागेल, ते या पैशांत होणार नाही आणि मी तसे सुचवतही नाही. पण अडीचचे सात किलो निश्चित होऊ शकते. तेल मात्र त्याच मापाने साडेचार लिटरपर्यंत येते, आणि घरात एक लहान मूल व एक वृद्ध असल्याने ४ लिटर पुरेसे आहे.

नागपूरकराला तर्री सोडा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तर्री-पोह्यांतला हरभऱ्याचा रस्सा ही खरे तर चांगली गोष्ट आहे. अडचण आहे ती त्यावर तरंगणाऱ्या थराची. रविवारी घरी पोहे करा, त्यावर भिजवून शिजवलेल्या हरभऱ्याचा झणझणीत रस्सा घाला, आणि तेल पळीने न ओतता मोजून चमच्याने घाला. महिन्याच्या पहिल्या तारखेला ४ लिटर तेल वेगळ्या भांड्यात काढून ‘हे महिनाभराचे’ असे ठरवून टाकले की हात आपोआप आवरतो. कमी घालायचे असे रोज ठरवल्याने तो आवरत नाही, हा माझा स्वतःच्या स्वयंपाकघरातला अनुभव आहे.

तर २ लिटर तेलाचे सुमारे ३००, ३ किलो साखरेचे १३५, पावडरीच्या डब्याचे ३१०, आणि बिस्किटे, शेव, नूडल्स यांच्या ९५० रुपयांतून ६९० असे मिळून १,४३५ रुपये मोकळे होतात. २६० रुपये मी मुद्दाम सोडले आहेत. मुलांच्या तोंडचा सगळा खाऊ काढून घेणारा आहार कोणत्याच घरात पंधरा दिवसांपेक्षा जास्त टिकलेला मी पाहिलेला नाही. तांदळाचे ४०० यात अजून धरलेले नाहीत.

या पैशांत काय आणावे हे सांगण्याआधी दहा रुपयांत किती प्रथिने येतात ते पाहू, कारण तुम्हाला मोबाइलवर दिसलेली यादी याच मापावर कोसळते. भाव दुकानागणिक थोडे इकडे-तिकडे होतील, पण क्रम बदलणार नाही. १२० रुपये किलोच्या सोयावडीचे दहा रुपयांत ४३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. हरभऱ्यातून चोवीस-पंचवीस, तूरडाळीतून अठरा, शेंगदाण्यातून साधारण तेवढीच. सात रुपयांच्या अंड्यातून नऊच्या जवळपास, आणि अंड्याचे प्रथिन शरीराला सर्वांत चांगले लागते म्हणून नऊ हा आकडा दिसतो त्याहून मोठा आहे. दुधातून पाच, पनीरमधूनही तेवढीच. बदामातून दोन-सव्वादोन, आणि पावडरीच्या डब्यातून, त्यावर लिहिलेले वाचून हिशेब केला तर, दोन-तीन ग्रॅमच्या पुढे जाणे कठीण. ५५ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. बदाम वाईट नाहीत. ते ज्यांना परवडतात त्यांच्यासाठी आहेत. तुम्ही ते घेऊ शकत नाही म्हणून मुलांचे काही हुकते आहे असे मनात आणू नका.

तेव्हा पुढच्या चिठ्ठीत तूर व मुगाला हात न लावता यांची भर घालावी : हरभरा २ किलो, मसूर १ किलो, बरबटी (चवळी) किंवा मटकी १ किलो, सोयावडी अर्धा किलो, शेंगदाणे १ किलो, जवस अर्धा किलो, गूळ १ किलो आणि अंड्यांचे दोन ट्रे. हे सगळे १,०६० रुपयांच्या आसपास बसते. किराणा एकदाच इतवारीतून आणता आला तर आणखी थोडे वाचतील, मात्र जाण्यायेण्याचे भाडे धरून मगच ठरवा. यजमानांची रिक्षा त्या बाजूला सवारी घेऊन जाणार असेल त्या दिवशी त्यांच्याकडे पिशवी देणे सर्वांत स्वस्त. साठ अंडी चौघांत म्हणजे प्रत्येकाला एक दिवसाआड एक. मुलीला मात्र रोज द्या आणि तेवढी कपात मोठ्यांनी सोसावी.

कडधान्य रात्री भिजवले की गॅसही निम्म्याच्या आसपास लागतो, म्हणून हा सिलिंडरचाही प्रश्न आहे. भिजवून मोड आणले तर त्यात क जीवनसत्त्व तयार होते, जे कोरड्या दाण्यात जवळजवळ नसते. वनस्पतींतले लोह शरीरात शिरायला हेच क जीवनसत्त्व लागते आणि चहा त्याच्या आड येतो. म्हणून दोन सवयी घरात घालाव्यात. जेवताना प्रत्येकाच्या ताटात लिंबाची फोड, थंडीत आवळा, उन्हाळ्यात कैरी यांपैकी काहीतरी आंबट असावे. आणि जेवणावर लगेच चहा नसावा, मध्ये तास-दीड तास जावा. तुमच्याकडे अर्धा लिटर दूध येते आणि ते चार वेळच्या चहात संपते असे चिठ्ठीच्या मागे लिहिलेल्या हिशेबावरून दिसते. चहा दोन वेळा केला तर त्यातले पाव लिटर विरजणाला लावता येईल. दही किंवा ताक हे सासूबाईंच्या ताटातले बी-१२ चे साधन आहे, कारण त्या अंडी खात नाहीत.

जवसाविषयी दोन शब्द अधिक लिहिते. मी त्याची उघड चाहती आहे. शहरात जवसाला अलीकडे मोठा मान मिळाला आहे आणि त्याची छोटी पाकिटे कितीतरी भावाने विकली जातात. आपल्याकडे जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या भाकरीसोबत आहे. मासळीत मिळणाऱ्या ओमेगा-३ वर्गातले एक मेदाम्ल त्यात भरपूर असते. फक्त अख्खे जवस चघळून उपयोग नाही, ते जसेच्या तसे बाहेर पडतात. ते मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे, लसूण, वाळलेली मिरची आणि मीठ घालून कुटावे, आणि आठवड्यापुरतेच कुटावे, कारण कुटलेले जवस लवकर खवट होते. अर्ध्या किलोत पाच जणांना महिनाभर रोज चमचाभर पुरते, त्याची किंमत ५५ रुपये.

आता तांदळाचे ४०० आणि वरचे ३७५, असे पावणेआठशे रुपये उरतात. त्यातले १६० रुपये ४ किलो ज्वारीला द्या. गहू-तांदूळ रेशनवर असल्याने याहून जास्त ज्वारी घेण्याची गरज नाही, पण सासूबाईंसाठी ती घ्यावीच. दात नसलेल्या माणसाला चहात बुडवलेला टोस्ट देत राहणे सोपे असते आणि तसे घराघरांत होते. त्याऐवजी ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, किंवा उन्हाळ्यात आंबील करून, त्यात मुगाची डाळ घातली तर त्या पोटभर जेवतील. अशा जेवणाची त्यांना बहुधा तुमच्यापेक्षा जास्त माहिती असेल. विचारा.

बाकीचे सहाशे रुपये पालेभाजी आणि फळांना, म्हणजे आता जो भाजीचा खर्च होतो त्यात आठवड्याला दीडशेची भर. बटाटा ही भाजी धरू नका, तो भातासारखाच समजावा. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार तुम्हाला जवळ आहे. तिथे दिवेलागणीनंतर, उतरत्या बाजारात जावे. पालेभाजीवाल्याला उरलेल्या जुड्या घरी न्यायच्या नसतात आणि सकाळी एका जुडीला जे पडते त्यात दोन-तीन मिळतात. तशी भाजी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही, म्हणून त्याच रात्री निवडून ओल्या फडक्यात ठेवावी. मुळ्याची, फुलकोबीची आणि नवलकोलाची पाने भाजीवाले तोडून टाकतात ती मागून घ्यावीत, ती सहसा फुकट मिळतात आणि खालच्या कंदापेक्षा किंवा गड्ड्यापेक्षा त्या पानांतच लोह व कॅल्शियम अधिक असते. आसपास कोणाच्या अंगणात मुनगा (शेवगा) असेल तर शेंगा ते ठेवून घेतील, पाला तोडायला बहुधा नाही म्हणणार नाहीत. तो तुरीच्या वरणात मूठभर घातला तर मुलांना कळतही नाही.

पावसाळ्यात तरोटा, घोळ आणि अंबाडी, हिवाळ्यात मेथी, चाकवत, हरभऱ्याची भाजी आणि तुरीचे सोले, उन्हाळ्यात बरबटीच्या शेंगा आणि कोहळे असा आपला क्रम आहे आणि ज्या महिन्यात जे उदंड येते तेच त्या महिन्यात स्वस्त असते. रानभाजी नाल्याच्या काठची किंवा रहदारीच्या रस्त्याकडेची घेऊ नये, आणि ओळख पक्की नसेल ती घेऊच नये. या भाज्या लोखंडी कढईत केल्या तर कढईतले थोडे लोह भाजीत उतरते. अंबाडीसारखी आंबट भाजी त्यात काळी पडते म्हणून बायका ती स्टीलच्या भांड्यात करतात. काळी पडते याचा अर्थच लोह उतरले असा आहे, तेव्हा ती लोखंडात करावी आणि शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावी. फळांत केळी, पेरू, पपई, बोरे. संत्री हंगाम भरात असताना वाट्यावर घ्यावीत, आकाराने लहान आणि सालीवर डाग असलेली. डागाने रसात काही कमी होत नाही.

आता तुमच्याविषयी. तुमच्या पत्रात मुलीचे हिमोग्लोबिन आहे, मुलाचे दूध आहे, सासूबाईंचे दात आहेत, यजमानांना रात्री रिक्षावरून आल्यावर काय लागते तेही चिठ्ठीच्या मागे आहे. पाचव्या माणसाच्या ताटाविषयी एवढेच आहे की ती भागवून घेते. वर मी पाच जणांचे जे माप काढले ते पाच जणांचे आहे, चार जणांचे नव्हे. माझा असा अनुभव आहे की ज्या घरातली बाई शेवटी बसते त्या घरात डाळ कितीही वाढवली तरी तिच्यापर्यंत पातेल्याच्या तळाचे पाणीच पोहोचते, आणि तिच्या मुलीला तेच पाहून तेच शिकायला मिळते. सगळ्यांबरोबर बसणे आपल्याकडे लगेच जमत नसेल तर निदान हे करावे : स्वयंपाक झाला की वाढायला घेण्याआधी स्वतःच्या वाटणीचे घट्ट वरण, भाजी आणि तुमच्या वारी येणारे अंडे झाकणाच्या डब्यात काढून ठेवावे. त्या डब्याला नंतर कोणी हात लावायचा नाही, आणि आणखी वाढ म्हणून कोणी मागितले तर तुम्हीही लावायचा नाही. मुलीला तपासणीला न्याल त्या दिवशी तिच्याबरोबर स्वतःचेही हिमोग्लोबिन तपासून घ्या. सिकलसेलचेही विचारा, कारण ते आईवडिलांकडूनच येते.

राहिला मुलाचा डबा. हे डबे ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकले जात असले तरी आपल्या अन्नविषयक कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाचा प्रकारच नाही, आणि म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेये त्या नावाखालून काढायला सांगितली होती. परंतु आठ वर्षांच्या मुलाला हे सांगून तो दूध पिणार नाही. त्याला चव पाहिजे, आणि खरे तर डबा पाहिजे. तेव्हा घरातला डबा संपला की तो फेकू नका. दोन वाट्या गहू धुऊन, वाळवून खमंग भाजा, एक वाटी बिनमिठाचे फुटाणे साल काढून घ्या, दोन्ही मिळून चक्कीवर बारीक दळून आणा, त्यात पाऊण वाटी किसलेला गूळ आणि परवडली तर दोन वेलदोड्यांची पूड मिसळा आणि ते त्याच डब्यात भरा. हा आपला सातूच झाला, आणि पूर्ण डबा साठ रुपयांच्या आत होतो. देताना दोन मोठे चमचे पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या आणि मग वरून कोमट दूध ओता, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. गुठळी तोंडात आली तर तो पहिल्याच दिवशी पेला बाजूला सारील.